नवजात वासरांची जन्मजात रोगप्रतिकारशक्ती आणि पहिल्या चिकाचे व्यवस्थापन

प्रास्ताविक

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १९.२५ कोटी गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. जातिवंत वळूचे वीर्य, कृत्रिम रेतन, गाभण जनावराचा खुराक आणि नऊ-दहा महिन्यांची निगा यांवर पशुपालक वेळ व पैसा खर्च करीत असतो. या साऱ्या गुंतवणुकीचे फळ म्हणजे गोठ्यात जन्मलेले निरोगी वासरू. मात्र वासरांच्या मरतुकीतील मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच पडतो. हगवण, फुफ्फुसदाह, नाळ पिकणे आणि त्यातून उद्भवणारी सांधेसूज ही त्याची प्रमुख कारणे होत. मेलेली कालवड किंवा पारडी म्हणजे तीन-चार वर्षांनंतर गोठ्यात येऊ शकणारी दुभती गाय किंवा म्हैस होय. लहान पशुपालकाच्या दृष्टीने हे नुकसान सहजी भरून न येणारे असते.

या मरतुकीवर औषधोपचारापेक्षा प्रतिबंध अधिक स्वस्त व परिणामकारक ठरतो, आणि प्रतिबंधाची सुरुवात जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत करावी लागते. त्या तासांत वासराच्या शरीरात नेमके काय घडते आणि त्याच्या उपजत संरक्षणाला बळ कसे देता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिकारशक्तीचे दोन घटक

शरीराची संरक्षणव्यवस्था ढोबळमानाने दोन भागांत विभागली जाते. पहिली जन्मजात प्रतिकारशक्ती. ती कोणत्याही विशिष्ट रोगासाठी शिकवावी लागत नाही. जंतू शिरताच ती तत्काळ कामास लागते. त्वचा, श्वसनमार्ग व आतड्याचे श्लेष्मल आवरण, जठरातील आम्ल, लाळेतील व अश्रूंतील लायसोझाइम, रक्तातील पूरक प्रथिने आणि जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज या पेशी तिचे घटक आहेत. दुसरी अर्जित प्रतिकारशक्ती. ती विशिष्ट जंतूची ओळख पटवून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पण तिला त्यासाठी दिवस, कधी आठवडे लागतात.

या दोन्ही घटकांच्या संशोधनाचा इतिहास एकत्रच सुरू झाला. एली मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या अळ्यांमध्ये काटे टोचून, त्याभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पॉल एर्लिक यांनी १८९२ साली उंदरांवरील प्रयोगांतून, मातेच्या दुधावाटे पिलांना प्रतिपिंडे मिळतात हे दाखवले. एकाने पेशींचे कार्य उलगडले, दुसऱ्याने प्रतिपिंडांचे. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यात आले. नवजात वासराच्या बाबतीत हे दोन घटक परस्परांवर किती अवलंबून आहेत, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

वासरू दुबळे का जन्मते?

मानवी गर्भाला आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेची रचना मात्र निराळी आहे. तिच्यात मातेचे व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर असल्याने प्रतिपिंडांसारखे मोठे प्रथिन पलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात मातेकडून आलेली प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. स्वतःची प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात तयार होण्यास त्याला कित्येक आठवडे लागतात.

या काळात वासराची भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर असते. परंतु तीही अपरिपक्व असते. जन्माच्या वेळी वासराच्या रक्तात न्यूट्रोफिल पेशींची संख्या भरपूर असते, पण जंतूला गिळण्याची व मारण्याची त्यांची क्षमता प्रौढ जनावराच्या पेशींपेक्षा कमी असते. पूरक प्रथिनांचे प्रमाणही प्रौढापेक्षा बरेच कमी असते. जन्माच्या सुमारास शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक या पेशींना आणखी मंदावते. नवजात वासराच्या जठरात आम्लही अल्प असते. ही शेवटची बाब एका दृष्टीने उपकारक आहे, कारण त्यामुळे चिकातील प्रतिपिंडे न पचता आतड्यापर्यंत पोहोचतात. मात्र त्याच वाटेने घाणीतील जंतूही सुखरूप आत जातात. म्हणून वासराच्या तोंडात प्रथम काय जाते, चीक की शेण, यावर बरेच काही अवलंबून असते.

चीक नेमके काय करतो?

थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही वासरांना चीक पाजला व काहींना त्यापासून वंचित ठेवले. चीक न मिळालेली बहुतेक वासरे जंतुसंसर्गाने दगावली. शंभर वर्षांपूर्वीचा तो निष्कर्ष आजही वासरू-संगोपनाचा पाया मानला जातो.

चिकातील मुख्य घटक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अर्थात प्रतिपिंडे. मात्र त्यांचे कार्य स्वतंत्रपणे जंतू मारण्यापुरते मर्यादित नाही. प्रतिपिंड जंतूच्या पृष्ठभागाला चिकटते आणि एक प्रकारे त्याच्यावर खूण करते. ही खूण पटताच न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज पेशी त्या जंतूला पकडून गिळतात. पूरक प्रथिनेही त्याच खुणेवर कार्यान्वित होतात. चीक मिळाल्यानंतर वासराच्या न्यूट्रोफिलची जंतू गिळण्याची क्षमता सुधारते ती यामुळेच. म्हणजे चीक हा केवळ आईकडून मिळालेला उसना साठा नव्हे. वासराच्या शरीरात आधीच असलेल्या, पण अडखळणाऱ्या जन्मजात प्रतिकारशक्तीला तो कामाला लावतो.

याशिवाय चिकात लॅक्टोफेरिन असते. ते लोह बांधून ठेवते व लोहाअभावी जंतूंची वाढ मंदावते. लायसोझाइम व लॅक्टोपरॉक्सिडेज ही जंतुनाशक विकरे, मातेच्या पांढऱ्या पेशी, आतड्याच्या वाढीस चालना देणारे घटक आणि जीवनसत्त्व अ व ई चिकातूनच मिळतात. ही दोन जीवनसत्त्वे वारेतून अत्यल्प प्रमाणात जातात, त्यामुळे नवजात वासरासाठी चीक हाच त्यांचा मुख्य स्रोत आहे.

वेळेचे गणित

वासराच्या आतड्याच्या पेशी जन्मानंतर काही काळच अखंड प्रतिपिंड शोषून रक्तात सोडू शकतात. ही क्षमता जन्मतःच सर्वाधिक असते, पहिल्या सहा तासांनंतर वेगाने घटते आणि सुमारे २४ तासांत जवळजवळ संपते. त्यानंतर कितीही उत्तम चीक पाजला तरी त्यातील प्रतिपिंडे रक्तात पोहोचत नाहीत.

हे एका उदाहरणाने समजून घेता येईल. २५ किलो वजनाच्या वासराच्या शरीरात सुमारे २ लिटर रक्तद्रव असतो. त्यास पहिल्या दोन तासांत २.५ लिटर चीक पाजला आणि त्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅम प्रतिपिंडे असली, तर एकूण १२५ ग्रॅम प्रतिपिंडे पोटात जातात. त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, रक्तात उतरला तर रक्तद्रवात लिटरमागे सुमारे १५ ग्रॅम प्रतिपिंडे होतात. लिटरमागे किमान १० ग्रॅम ही सुरक्षिततेची पायरी मानली जाते. १५ ग्रॅम त्यापेक्षा वर आहे. तोच चीक उशिरा पाजल्याने शोषण निम्म्यावर आले असे मानल्यास हे प्रमाण ७ ते ८ ग्रॅमवर घसरते. वेळ साधली पण चीक एकच लिटर पाजला, तर ते सुमारे ६ ग्रॅम राहते. थोडक्यात, लवकर, पुरेसा आणि सकस या तीनही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

प्रचलित समजुती आणि त्यांचे निराकरण

देशाच्या अनेक भागांत वार पडेपर्यंत वासराला चीक न पाजण्याची प्रथा आहे. गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर वार पडण्यास कित्येक तास लागू शकतात, आणि तेच तास शोषणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. वस्तुतः वासराने सड चोखल्याने मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते व गर्भाशयाचे आकुंचन होऊन वार पडण्यास मदतच होते. त्यामुळे चीक व वार यांचा संबंध पशुपालकांना उलट बाजूने समजावून सांगावा : वार पडावी म्हणून चीक लवकर पाजावा. बारा तासांत वार न पडल्यास ती हाताने ओढू नये, पशुवैद्यकास बोलवावे.

चीक जास्त पाजल्यास वासराला हगवण लागते, ही दुसरी समजूत. चिकाचा सौम्य रेचक परिणाम असतो व त्याने गर्भावस्थेतील काळसर चिकट विष्ठा बाहेर पडते. हा आजार नव्हे. पहिल्या आठवड्यातील खरी हगवण बहुधा अस्वच्छ भांडी, घाणेरडे सड व ओला गोठा यांतून येणाऱ्या ई. कोलायसारख्या जंतूंमुळे होते.

तिसरा मुद्दा खरवसाचा. महाराष्ट्रातील खरवस, गुजरातेतील बळी, कर्नाटकातील गिण्णू आणि आंध्र व तेलंगणातील जुन्नू हे सारे चिकाचेच पदार्थ. चीक तापवल्यावर घट्ट होतो, कारण त्यातील प्रतिपिंडांसह इतर प्रथिने उष्णतेने गोठतात. खरवस जितका चांगला लागतो, तितका तो चीक वासरासाठी मोलाचा होता असे समजावे. प्रतिपिंडांचे प्रमाण पहिल्या धारेत सर्वाधिक असते व नंतरच्या प्रत्येक दोहनात झपाट्याने घटते. म्हणून पहिल्या दोहनाचा चीक वासराच्या वाट्याचाच मानावा. त्यानंतरच्या दोहनांतही वासराला पुरेल इतका भाग ठेवून उरलेला चीक घरात वापरण्यास हरकत नाही. अशा रीतीने मांडल्यास परंपरेशी विरोध न पत्करता ही गोष्ट पशुपालकांच्या गळी उतरते.

चीक पाजण्याची पद्धत

१. गाय-म्हैस व्याल्यानंतर वासराच्या नाका-तोंडातील चिकटा काढून मातेला वासरू चाटू द्यावे. चाटल्याने वासराचे रक्ताभिसरण व श्वसन सुधारते.

२. मातेची कास व सड कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. पहिल्या एक-दोन धारा सोडून द्याव्यात.

३. पहिल्या एक ते दोन तासांत वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक पाजावा. २० किलोच्या देशी वासरास २ लिटर, ३० किलोच्या पारडास ३ लिटर असे हे प्रमाण होते. त्यानंतर ८ ते १२ तासांनी वजनाच्या सुमारे पाच टक्के चीक पुन्हा द्यावा.

४. वासरू स्वतः प्याले तरी नेमका किती चीक पोटात गेला हे कळत नाही. मोजून काढलेला चीक निपल असलेल्या बाटलीने, शरीराइतका कोमट असताना पाजणे अधिक खात्रीचे ठरते. वासराची मान फार वर उचलू नये. बांबूच्या नळकांड्याने घाईघाईत ओतल्यास चीक श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसदाह होऊ शकतो.

५. अवघड प्रसूतीतून जन्मलेले, उशिरा उभे राहणारे किंवा चोखण्यास असमर्थ वासरू सर्वाधिक धोक्यात असते. त्याला पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखाली अन्ननलिकेत नळी घालून चीक द्यावा.

६. पहिल्या दिवसानंतरही तीन-चार दिवस चीक पाजत राहावे. त्यातील प्रतिपिंडे आता रक्तात जात नसली तरी आतड्याच्या आतील बाजूस राहून रोटाव्हायरस व इतर जंतूंना अटकाव करतात.

गुणवत्तेची पारख व साठवण

चिकाचा दाटपणा किंवा रंग पाहून त्याची प्रत खात्रीने सांगता येत नाही. गाईचा चीक कॅरोटिनमुळे पिवळा दिसतो. म्हैस कॅरोटिनचे जीवनसत्त्व अ मध्ये रूपांतर करीत असल्याने तिचा चीक पांढरट असतो. उसाच्या रसाची गोडी मोजण्यासाठी वापरले जाणारे ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर येथे उपयोगी पडते. गाईच्या चिकाचे वाचन २२ टक्के किंवा अधिक आल्यास त्यात लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम किंवा अधिक प्रतिपिंडे आहेत असे मानतात. दूध सहकारी संस्था किंवा शेतकरी गटाने असे एक उपकरण सामायिक ठेवल्यास सर्वांनाच त्याचा लाभ होईल.

एखाद्या निरोगी गाईचा उत्तम प्रतीचा अतिरिक्त चीक स्वच्छ बाटल्यांत भरून उणे १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानास गोठवल्यास तो वर्षभर टिकतो. माता दगावल्यास, कासदाह झाल्यास किंवा तिला चीक कमी आल्यास हा साठा वासराचा जीव वाचवू शकतो. साध्या फ्रिजमध्ये चीक एक-दोन दिवसच ठेवावा. गोठवलेला चीक वितळवताना ५० अंशांपेक्षा अधिक गरम पाणी वापरू नये व तो कधीही उकळू नये. मोठ्या गोठ्यांत जंतू कमी करण्यासाठी ६० अंश तापमानास ६० मिनिटे चिकावर प्रक्रिया केली जाते. या तापमानास प्रतिपिंडे बहुतांशी शाबूत राहतात. क्षय, सांसर्गिक गर्भपात यांसारख्या रोगांची शंका असलेल्या जनावराचा चीक साठवू नये.

तयारी गाभण काळापासून

चीक कासेत साठण्याची प्रक्रिया विण्यापूर्वीच्या अखेरच्या आठवड्यांत होते. म्हणून गाभण जनावराला विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस आटवून विश्रांती द्यावी. या काळात हिरवा चारा, योग्य प्रमाणात पेंड व आपल्या भागासाठी शिफारस केलेले खनिज मिश्रण द्यावे. जस्त व तांबे प्रतिकारक पेशींच्या कार्यास आवश्यक असतात. जीवनसत्त्व ई व सेलेनियम हे जंतू मारताना निर्माण होणाऱ्या दाहक द्रव्यांपासून त्याच पेशींचे रक्षण करतात. मात्र सेलेनियम अल्प प्रमाणातच हितकारक असते. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही जमिनींत ते नैसर्गिकरीत्याच अधिक असून तेथील जनावरांना विषबाधेचा धोका असतो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय त्याची मात्रा देऊ नये.

उन्हाळ्याच्या झळांचाही परिणाम होतो. गाभण काळाच्या अखेरीस उष्णतेचा ताण सोसलेल्या गाईंची वासरे कमी वजनाची जन्मतात व त्यांची प्रतिपिंडे शोषण्याची क्षमताही घटते. सावली, वाहती हवा, मुबलक थंड पाणी आणि अंगावर पाण्याचा शिडकावा हे उपाय दुभत्या जनावरांइतकेच आटलेल्या गाभण जनावरांसाठीही करावेत. पहिलारू कालवडीचा चीक प्रमाणाने व प्रतीने कमी असण्याची शक्यता असल्याने तिच्या वासरासाठी गोठवलेला साठा हाताशी ठेवावा.

लसीकरण वेळेवर झालेल्या मातेच्या चिकात त्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडे असतात. हीच प्रतिपिंडे वासराच्या लवकर केलेल्या लसीकरणात अडथळा आणू शकतात. म्हणून लाळ्या-खुरकूत रोगाची पहिली लस साधारणतः चार महिने वयास देतात.

बाह्य तटबंदीचे रक्षण

जन्मजात प्रतिकारशक्तीची पहिली फळी म्हणजे त्वचा व श्लेष्मल आवरण. नवजात वासराच्या नाळेपाशी ही फळी उघडी असते. नाळ शरीरापासून दोन-तीन इंचांवर निर्जंतुक दोऱ्याने बांधून, निर्जंतुक कात्रीने कापावी व ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. नाळ वाळेपर्यंत दिवसातून दोनदा आयोडीन लावावे. नाळेवर शेण, माती किंवा हळद-तेल लावू नये.

वासराची जागा कोरडी, हवेशीर व मोठ्या जनावरांपासून वेगळी असावी. हिवाळ्यात, विशेषतः उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत, भाताचा किंवा गव्हाचा कोरडा पेंढा जाड अंथरावा. थंडीने गारठलेल्या वासराची ऊर्जा शरीर उबदार ठेवण्यातच खर्ची पडते. म्हशीच्या पारडांत मातेच्या दुधावाटे टोक्सोकारा या गोलकृमीच्या अळ्या येतात. त्यामुळे वयाच्या १० ते १५ दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

बाजारात प्रतिकारशक्ती वाढवणारी अनेक उत्पादने मिळतात. यीस्टपासून मिळणारे बीटा-ग्लुकन, मॅनन-ऑलिगोसॅकराइड व उपयुक्त जिवाणू यांवर संशोधन चालू आहे. जन्मजात प्रतिकारपेशी काही घटकांच्या संपर्कानंतर पुढील संसर्गास अधिक तत्परतेने तोंड देतात, ही संकल्पनाही अलीकडे पुढे आली आहे. ही उत्पादने पूरक ठरू शकतात. परंतु वेळ चुकलेल्या चिकाची भरपाई त्यांपैकी कोणतेही करू शकत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी पडताळणी

एक ते सात दिवस वयाच्या वासराच्या रक्तद्रवातील एकूण प्रथिने रिफ्रॅक्टोमीटरने मोजता येतात. १०० मिलिलिटरमागे ५.२ ग्रॅम किंवा अधिक वाचन हे गाईच्या वासराला पुरेसा चीक मिळाल्याचे लक्षण होय. हगवणीमुळे शरीरातील पाणी कमी झालेल्या वासराचे वाचन फसवे असते, म्हणून निरोगी वासरांचीच तपासणी करावी. मोठ्या गोठ्यात किंवा गावपातळीवर किमान १२ वासरांची तपासणी करून त्यांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक वासरे या मर्यादेखाली आढळल्यास चीक पाजण्याच्या वेळेत, प्रमाणात वा प्रतीत त्रुटी आहे असे समजावे.

मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे हळूहळू घटतात आणि वासराची स्वतःची प्रतिपिंडे हळूहळू वाढतात. या दोहोंच्या मधला, साधारण दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यांचा काळ नाजूक असतो. या काळात वासरांची खरेदी-विक्री, अचानक आहारबदल व वेगवेगळ्या वयांच्या वासरांची गर्दी टाळावी.

समारोप

वर सुचवलेल्या उपायांपैकी बहुतेकांना फारसा खर्च नाही. मोजमापाचे भांडे, निपलची बाटली, आयोडीनची कुपी आणि विण्याच्या वेळी गोठ्यात हजर असलेले माणूस एवढी सामग्री पुरते. अनेक घरांत विण्याच्या वेळी जनावराजवळ घरातील स्त्रियाच असतात. म्हणून चीक व्यवस्थापनाचे प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत आवर्जून पोहोचले पाहिजे. नर पारडाकडे दुर्लक्ष करून त्याचा चीक वाचवण्याचा मोह अनेक ठिकाणी दिसतो. त्याच्या मृत्यूने म्हैस पान्हा चोरू लागते आणि दुधाचे नुकसान होते, हेही पशुपालकांच्या निदर्शनास आणावे. पहिल्या तासांत चीक नीट मिळालेल्या वासरांत आजार कमी होतात, प्रतिजैविकांचा वापर घटतो आणि वाढ चांगली होते. प्रत्येक गोठ्यात पहिली धार वासराच्या पोटात जाईल, एवढा एक नियम रुजला तरी पहिल्या महिन्यातील मरतूक मोठ्या प्रमाणात टाळता येईल.